मोहर्लीचा रस्ता आणि पडणारं वजन

चंद्रपुरातून मोहर्लीकडे निघालं की सुरुवातीचा रस्ता कोळशाचा आहे. महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, दुर्गापूर आणि पद्मापूरच्या उघड्या खाणी, खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आणि भुकटीने काळवंडलेली झाडं. मग आगरझरीच्या सुमारास जंगल दाटू लागतं, इरई धरणाचं पाणी जवळ येतं आणि रस्ता ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वाराशी पोचतो. सगळं मिळून २५-३० किलोमीटर. त्यात एका टोकाला कोळशाने भरलेले टिप्पर आहेत आणि दुसऱ्या टोकाला पर्यटकांच्या जिप्सी.

जंगलातली वाट मात्र खाणींपेक्षा कितीतरी जुनी. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना कडेला गोंडकालीन उंच दगडी खांब दिसतात. त्यांच्या डोक्यातून दोर ओवून घंटा बांधत आणि राजाची स्वारी निघाली की वर्दी पुढे पोचवत, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या वाटेवरचं सर्वांत जड वाहन म्हणजे बैलगाडी. तिच्या चाकाखाली वाट खचली तर मुरूम टाकायचा, पावसात चिखल झाला तर दोन दिवस थांबायचं. रस्ता किती भार सोसेल हे आधी मोजून ठेवण्याची गरज कुणाला पडली नव्हती.

ती गरज कधी पडली आणि मोजण्याची साधनं कशी बदलत गेली, त्याची ही हकिगत. ती सांगण्याचं कारण एकच. रस्त्याची ताकद म्हणून कागदावर येणाऱ्या आकड्यात रस्त्याइतकाच मोजणाऱ्या यंत्राच्या घडणीचाही हात असतो आणि ही गोष्ट रस्त्याचा खर्च मंजूर करणाऱ्यांपर्यंत फार कमी पोचते.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. खडी-मुरमाचे रस्ते बैलगाडीच्या संथ चाकासाठी केलेले होते. वेगाने धावणारं चाक त्यांच्यातली बारीक माती उडवून नेई आणि खडी मोकळी पडे. रस्ते बहुतांशी जिल्हा मंडळांच्या गळ्यात, आणि मंडळांकडे पैसा नाही. १९२७ साली सरकारने या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. १९२८च्या अहवालात समितीने स्पष्ट म्हटलं की रस्ते बांधणं आणि राखणं आता प्रांतांच्या आणि स्थानिक मंडळांच्या ताकदीबाहेर गेलं आहे, ती देशाची जबाबदारी मानली पाहिजे. पेट्रोलवर जादा कर लावा, त्यातून स्वतंत्र निधी उभा करा, अभियंत्यांना विचारविनिमयासाठी संस्था द्या आणि संशोधनाची सोय करा, अशा तिच्या शिफारशी होत्या. १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्यानंतरच मुहूर्त लाभला. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली १९५२ साली. आज देशातल्या रस्त्यांची परीक्षा ज्या मानकांनुसार होते ती याच रोड्स काँग्रेसची, म्हणजे त्यांचं मूळ एका मराठी माणसाच्या अहवालात आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना, डिसेंबर १९४३मध्ये, सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा त्याच प्रांतात होता. या बैठकीतून वीस वर्षांची ‘नागपूर योजना’ निघाली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही वर्गवारी तिथे पक्की झाली. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट ठरलं. योजना मोठी होती आणि देशाच्या रस्त्यांना तिने पहिल्यांदा एक नकाशा दिला. पण तिचा हिशेब लांबीचा होता. त्याच १९४३ साली अमेरिकेत डोनाल्ड बर्मिस्टर यांनी एकावर एक रचलेल्या थरांवर भार पडला तर प्रत्येक थर किती दबतो, याचं गणित प्रसिद्ध केलं. रस्ता खोलीत कसा वागतो, हा प्रश्न त्यातून गणिताच्या आवाक्यात आला. तो रस्त्यावर जाऊन तपासायचा तर मोजण्याचं साधन हवं होतं.

ते मिळालं १९५० नंतर. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मॅलाड गावाजवळ १९५२ ते ५४ दरम्यान मुद्दाम बांधलेल्या रस्त्यावर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिथे ए. सी. बेंकलमन या अभियंत्याने एक साधी तुळई तयार केली. मागच्या आसाच्या जोडचाकांमधल्या फटीत तिचं टोक सारायचं, ट्रक हळू पुढे न्यायचा, आणि भार हटल्यावर रस्ता किती वर येतो ते डायलवर वाचायचं. तुळईचा टेकू टोकापासून दोन भाग आणि डायलपासून एक भाग अंतरावर, म्हणून डायल दाखवेल त्याच्या दुप्पट रस्त्याची हालचाल. वीज नको, फारसं प्रशिक्षण नको. बेंकलमन बीम जगभर गेला आणि आपल्याकडेही रुजला.

रोड्स काँग्रेसने १९८१ साली या बीमसाठी आयआरसी:८१ हे मार्गदर्शक मानक काढलं आणि १९९७ साली सुधारलं. ट्रकच्या मागच्या आसावर ८,१७० किलो भार, टायरमध्ये ५.६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. पहिलं वाचन चाकं टोकाशी असताना, दुसरं ट्रक २.७ मीटर पुढे गेल्यावर, तिसरं आणखी ९ मीटर सरकल्यावर. काटा मिनिटाला ०.०२५ मिलिमीटरहून कमी हलू लागेपर्यंत थांबायचं. डांबराचं तापमान मोजून उत्तर ३५ अंशांवर आणायचं, जमिनीतल्या ओलाव्याची दुरुस्ती करायची, आणि चाचणी शक्यतो पावसाळ्यानंतर करायची, कारण तेव्हा पाया सर्वांत दुबळा असतो. डांबरी रस्त्यावर किती जाडीचा नवा थर चढवायचा, हे महाराष्ट्रातही वर्षानुवर्षं या पद्धतीने ठरत आलं.

याच मानकात एक बारीक कलम आहे आणि या लेखाचा विषय पहिल्यांदा तिथे उघड होतो. बीम तीन पायांवर उभा असतो आणि ते पाय रस्त्यावरच टेकतात. ट्रकच्या चाकाखाली रस्ता थाळीसारखा दबतो. त्या दबलेल्या थाळीचा घेर मोठा असला तर बीमचे पुढचे पायही तिच्यात येतात, म्हणजे ज्या आधारावरून मोजायचं तो आधारच खाली गेलेला असतो. मग डायल खऱ्यापेक्षा कमी दब दाखवतो आणि दुबळा रस्ता सशक्त वाटतो. यावर उपाय म्हणून मधल्या आणि शेवटच्या वाचनातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर २.९१ या गुणकाने दुरुस्ती करायची तरतूद मानकात आहे. दबाची थाळी सर्वांत पसरट होते ती मऊ जमिनीवर. वर्धा खोऱ्यातली काळी कापसाची जमीन पावसाळ्यानंतर तशीच असते. म्हणजे जिथे दुरुस्ती सर्वांत जास्त लागते तिथेच ती विसरणं सर्वांत महागात पडतं.

बीमची दुसरी मर्यादा वेळेची. ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकतो, भार काही सेकंद रस्त्यावर असतो. ताशी ६० किलोमीटरने धावणारं चाक मात्र एखाद्या बिंदूवरून सेकंदाच्या तीन शतांशांत निघून जातं. डांबराला या दोन्हींत फार फरक पडतो. सावकाश दाबलं तर ते वाहू पाहतं, झटक्यात दाबलं तर कडक राहतं. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४६-४७ वर असताना, हा फरक आणखी वाढतो.

याच काळात चंद्रपूरचे रस्ते बदलत होते. वरोऱ्याला कोळशाची खाण १८७० च्या दशकातच निघाली होती, पण तो कोळसा रेल्वेने जाई. १९७५ साली नागपूर मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली, उघड्या खाणी वाढल्या, १९८० च्या दशकात महाऔष्णिक केंद्राचे संच सुरू झाले, राजुरा-कोरपना भागात सिमेंटचे कारखाने आले. रेल्वे होतीच, पण खाणीच्या तोंडापासून साइडिंगपर्यंतचं आणि कारखान्यांमधलं बरंच वजन रस्त्यावर उतरलं. दुसरीकडे १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ साली अंधारी अभयारण्य, १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. मोहर्लीचा रस्ता या दोन इतिहासांच्या मधोमध आला.

भाराचा आणि झिजेचा संबंध किती तीव्र आहे हे तोवर कळलं होतं. १९५८ ते ६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावाजवळ सैन्याच्या चालकांनी बांधीव वर्तुळांवर दिवसरात्र ट्रक फिरवले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं, म्हणजे ते भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. या हिशेबाने एक टन आसभाराची जिप्सी घेतली, तर ८.१६ टनांच्या एका प्रमाण आसाइतकं नुकसान करायला तसे सुमारे साडेचार हजार आस लागतील. पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता खराब झाला, अशी तक्रार जंगलाच्या वेशीवर नेहमी ऐकू येते. भाराच्या गणितात तिला आधार नाही. मोहर्लीच्या अलीकडचा पट्टा झिजवणारी वाहनं वेगळी आहेत.

जड आणि वेगवान चाकाची नक्कल करायची म्हणून अभियंत्यांनी आधी कंपनयंत्रं वापरून पाहिली. टेक्सासमध्ये बनलेल्या डायनाफ्लेक्टमध्ये उलटसुलट फिरणारी दोन वजनं सेकंदाला आठ वेळा रस्ता हलवत. मोजणी झटपट होई, पण जोर इतका कमी की जड ट्रकखाली तोच रस्ता कसा वागेल याचा नीट अंदाज येत नसे. शिवाय कंपन देण्यासाठी यंत्राचं स्वतःचं वजन आधीच रस्त्यावर ठेवावं लागे, त्याने खालचे थर दबून वेगळेच वागू लागत.

आघाताची कल्पना फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात पुढे आली आणि डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठात तिला आकार मिळाला. नेदरलँड्समध्ये शेलच्या प्रयोगशाळेनेही त्यावर काम केलं. एक वजन उंचीवरून रबरी बफरांवर सोडायचं. बफरांखाली ३०० मिलिमीटर व्यासाची चकती रस्त्यावर टेकलेली, तिच्यावर भार मोजणारा लोड सेल, आणि चकतीच्या मध्यापासून पुढे ओळीने ठेवलेले जिओफोन, ते जमिनीच्या हालचालीचा वेग टिपतात. या यंत्राला फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर म्हणतात, रोजच्या बोलण्यात एफडब्ल्यूडी. बीमसारखा पायांचा प्रश्न इथे नाही, कारण जिओफोनला बाहेरचा स्थिर आधार लागतच नाही. मधला जिओफोन सगळ्या थरांचा मिळून दब सांगतो. जसजसं दूर जावं तसतसं वाचन फक्त खोलवरच्या जमिनीचं होत जातं. दीड मीटरवरच्या जिओफोनला वरचं डांबर जवळपास दिसतच नाही. दुरुस्तीचा पैसा डांबरात घालायचा की पायाच्या थरात, हे ठरवायला याहून मोलाची माहिती नाही.

पण आघात द्यायचा म्हणजे तो कसा द्यायचा? वजन, उंची आणि बफरचा ताठपणा या तिघांवर सगळं ठरतं. बफर साध्या स्प्रिंगसारखा मानून शाळकरी भौतिकशास्त्राने हिशेब करता येतो. २०० किलोचं वजन ३० सेंटिमीटरवरून सोडलं आणि ४० किलोन्यूटनचा शिखरभार मिळेल इतके ताठ बफर घेतले, तर आघात साधारण ३८ मिलिसेकंद टिकतो. आता वजन निम्मं करा, १०० किलो. उंची तीच. तोच शिखरभार हवा तर बफर दुप्पट ताठ लागतात, आणि आघात १९ मिलिसेकंदांत संपतो. लोड सेल दोन्ही वेळा ४० किलोन्यूटनच दाखवणार. रस्त्याला मात्र दोन वेगळे झटके बसले. दुसऱ्यात डांबर अधिक कडक वागलं, खालच्या जमिनीला हलायला कमी वेळ मिळाला. दब कमी आला, आणि गणकयंत्राने थरांची ताकद जास्त सांगितली. एकच रस्ता, एकच दुपार, दोन यंत्रं आणि दोन अहवाल.

यंत्रं बनवणाऱ्यांनी यावर आपापली वाट काढली. डॅनिश घडणीत एकच वजन थेट बफरांवर पडतं. स्वीडिश केयूएबी यंत्रात दोन वजनं असतात. वरचं वजन मधल्या वजनावर पडतं, मधे बफर आणि खाली पुन्हा बफर. त्यामुळे आघात लांबतो आणि त्याची कमान गुळगुळीत होते. त्याच यंत्राची चकती चार भागांत विभागलेली असते, खडबडीत रस्त्यावरही दाब सगळीकडे सारखा पडावा म्हणून. चकती अखंड असेल आणि खालची खडी उघडी पडलेली असेल, तर भार दोन-चार टोकांवरून जातो आणि थराच्या सिद्धान्तात गृहीत धरलेला सारखा दाब प्रत्यक्षात नसतोच. बफरचं रबर उन्हात मऊ होतं, वयानुसार कडक होतं. वजन ज्या दांड्यांवरून घसरतं त्या ओळंब्यात नसतील तर घर्षणात जोर जातो. रस्त्याच्या आडव्या उतारावर हे सहज घडतं.

मोजलेला दब ४० किलोन्यूटनवर आणण्याची रीत आहे. यंत्राने ३८ दिले किंवा ४३ दिले तर त्या प्रमाणात दब वाढवून-घटवून घेतात. भाराच्या फरकाची अशी दुरुस्ती होते. आघाताच्या वेळेची मात्र नेहमीच्या हिशेबात कुठेच होत नाही.

ही अडचण ओळखून अमेरिकेने १९८७ साली सुरू केलेल्या महामार्ग संशोधन कार्यक्रमात यंत्रांच्या अंशांकनाची पद्धत बसवली. लोड सेल दुसऱ्या प्रमाणित लोड सेलवर तपासायचा, सगळे जिओफोन एका उभ्या स्टँडवर रचून एकाच धक्क्याला सारखं बोलतात का ते पाहायचं. युरोपात १९९० च्या दशकात अनेक देशांनी आपापली यंत्रं एकाच रस्त्यावर आणून ताडून पाहिली.

भारतात आयात यंत्र महाग पडे, सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी परदेशाकडे पाहावं लागे. खरगपूर आयआयटीत बी. बी. पांडे आणि के. सुधाकर रेड्डी यांच्या गटाने या शतकाच्या उंबरठ्यावर देशी एफडब्ल्यूडी तयार केलं, आणि मोजलेल्या दबावरून थरांची ताकद काढण्याची आज्ञावलीही लिहिली. ‘केजीपीबॅक’ नावाने ती पुढे मानकाचा भाग झाली. रस्त्याच्या इतिहासात पुलांची आणि घाटांची नावं राहतात. या कामाचंही नाव राहायला हवं, कारण त्याशिवाय आपल्या उन्हाळ्यात, आपल्या काळ्या मातीवर घेतलेली वाचनं परक्या तक्त्यांतच बसवावी लागली असती. २०१४ साली आयआरसी:११५ आलं, डांबरी रस्त्यांची एफडब्ल्यूडी चाचणी आणि मजबुतीकरण यांचं मानक. पाठोपाठ २०१५ साली काँक्रीट रस्त्यांसाठी आयआरसी:११७. तेहतीस वर्षांच्या बीमयुगानंतर आघाताची चाचणी अधिकृत झाली.

चारच वर्षांनी भाराची मर्यादाच बदलली. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहनांचे आसभार वाढवले. चार चाकांच्या एका आसाला आधी १०.२ टनांची मर्यादा होती, ती ११.५ टन झाली. चौथ्या घाताचा ठोकताळा लावला तर जुन्या मर्यादेवरचा आस प्रमाण आसाच्या २.४ पट नुकसान करत होता, नवा जवळपास चार पट करतो. बीमच्या जमान्यात आखलेले थर या चाकांखाली आले. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढल्यावर आष्टी-आलापल्ली रस्त्याची जी दशा झाली आणि लोकांनी जी आंदोलनं केली, ती विदर्भाने अलीकडेच पाहिली. तिथे एसटी बंद पडली की आजाऱ्याला दवाखाना लांब जातो आणि पोरांची शाळा बुडते. रस्ता किती सोसेल याचं उत्तर तिथे आगाऊ हवं असतं.

मोहर्लीच्या पुढे प्रश्नाचं रूप बदलतं. जंगलात रस्ता रुंद करायचा किंवा उकरून नव्याने करायचा तर वनसंवर्धन कायद्यापासून वन्यजीव मंडळापर्यंत परवानग्या लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात. म्हणून आहे तो रस्ता न उकरता तपासणं इथे सर्वांत मोलाचं. ट्रेलरवरचं मोठं यंत्र नेणं जिथे गैरसोयीचं, तिथे हातात नेता येणारं हलकं यंत्र आहे, दहा किलोचं वजन आणि तीच ३०० मिलिमीटरची चकती. मुरमाचा थर नीट दाबला गेला का, हे ते जागेवर सांगतं. पण घडणीचा प्रश्न याही यंत्राला चुकलेला नाही. जर्मन पद्धतीच्या यंत्रात मापक चकतीतच बसवलेला असतो, म्हणजे तो चकतीची हालचाल मोजतो. डॅनिश पद्धतीच्या यंत्रात चकतीच्या मधल्या छिद्रातून जिओफोन थेट जमिनीला टेकतो. एकाच मुरमावर दोघांचे आकडे ठळकपणे वेगळे येतात, आणि एकाच्या आकड्यावर बेतलेली अट दुसऱ्याच्या यंत्राने तपासली तर चांगलं काम नापास होतं किंवा वाईट पास होतं.

बांधकाम विभागाच्या निविदेत चाचणी कोणत्या मानकानुसार करायची ते लिहिलेलं असतं. त्याच ओळीत आणखी चार गोष्टी मागता येतील: पडणारं वजन किती, बफर कोणते, आघात किती मिलिसेकंदांचा, आणि शेवटचं अंशांकन कोणत्या तारखेचं. भाराची आणि दबाची पूर्ण कमान एफडब्ल्यूडी नोंदवूनच ठेवतं. ती अहवालाला जोडायला जादा खर्च नाही. पाच वर्षांनी त्याच रस्त्यावर दुसरं यंत्र येईल तेव्हा आकडा बदलला तो रस्ता थकला म्हणून की बफर बदलला म्हणून, हे त्या कमानीवरूनच कळेल.